एका मेजाची हकीकत

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी बोलावयाचे म्हणजे वक्त्याने धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा व वाडवडिलांचे गुण गावे, अशी रीत आहे. ते काम मजहून जाणत्या मंडळींनी ह्याच व्यासपीठावरून उत्तम प्रकारे केलेले आहे. मजकडे विषय आला तो 'संत योसेफ आणि आपले कुटुंब' हा. ह्या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मजपाशी नाही. म्हणून गेल्या वर्षी माझ्या घरी एक लाकडी मेज तयार झाले, त्याची हकीकत तेवढी सांगावी असे ठरवून मी उभा राहिलो आहे. मेज अगदी साधे आहे. लांबी पाच फूट, रुंदी तीस इंच, उंचीही तीस इंच. निष्णात सुताराला ह्या कामी चार दिवस पुरते. आम्हांला ईस्टरपासून स्वर्गोन्नयनाच्या सणापर्यंतचा काळ लागला. आम्ही म्हणजे मी आणि माझी नऊ वर्षांची नात.

तिचे आईबाप पोटासाठी कुवेतला आहेत व ती आम्हां म्हाताऱ्यांपाशी राहते. अशी घरे आपल्या धर्मग्रामात थोडीथोडकी नाहीत, तेव्हा अधिक वर्णन नको. आमच्या घरी एक विकतचे मेज होते. भुशाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचे ते होते, वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटविलेला. पनवेलच्या दोन पावसाळ्यांत त्याचे पाय तळाशी फुगून पाव भिजावा तसे झाले व तिसऱ्यात ते बसले. तेव्हापासून आमची जेवणे तीन ठिकाणी होऊ लागली. मी आरामखुर्चीत, पोर पडद्यासमोर, आणि घरधनीण ओट्यापाशी उभ्याने. एके रात्री दूरध्वनीवरून आई लेकीला म्हणाली की, यंदा नाताळास आम्ही येऊ आणि सर्वजण मिळून जेवू. पोरीने विचारले, "कुठे बसून?"

हा प्रश्न मी ऐकला आणि मेज करावयाचे ठरले. मी काही सुतार नव्हे, माझा जन्म कचेरीत गेला. परंतु माझे वडील ते काम जाणत. त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर पडून होती, आणि आमचे जुने कौलारू घर उतरविले त्या वेळच्या दरवाजांच्या सागवानी फळ्याही कोपऱ्यात उभ्या होत्या.

येथे थोडे विषयांतर करतो. पनवेल हे गाव एके काळी लाकूडकामाचे होते, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा देशावरून येणारा माल घाट उतरून ह्या आपल्या बंदरात येई व येथून गलबतांतून मुंबईस जाई. जेथे गाड्या तेथे चाके मोडणार, आणि जेथे चाके मोडतात तेथे सुतार वसणार. बैलगाड्यांची चाके करण्याचा धंदा ह्या गावी चांगला चाले. तुंबा, आरे, त्याभोवती लाकडाचा घेर, आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. ती निवाली की आवळून सारे चाक घट्ट धरते. एवढ्या जोडांत खिळ्याचे काम जवळजवळ नाहीच. पुढे १८६३ साली आगगाडी घाट चढून गेली व वाहतूक तिच्यामागे गेली. चाके करणारे ते हात कोठे गेले याची कोणी नोंद ठेवली नाही. माझ्या वडिलांच्या पेटीतली एक जाड पटाशी अशाच कोणा चाकवाल्याकडून आलेली आहे, असे ते सांगत. खरेखोटे मला ठाऊक नाही, परंतु तिचे पोलाद अजून उत्तम धार धरते.

ते वडील प्रेमळ होते, पण हत्याराला हात लावू देत नसत. मी रंध्याकडे गेलो की, "हात कापशील, सर बाजूला," म्हणून उचलून दूर ठेवीत. माझ्या वाट्यास सोलपटे गोळा करण्याचे काम येई. म्हणून मी सुतार झालो नाही, असे मी पुष्कळ वर्षे लोकांना थट्टेने सांगत आलो.

आता कामाकडे वळू. जुन्या लाकडाचा गुण हा की ते पुरते वाळलेले असते. दोष हा की त्यात मोडके खिळे दडलेले असतात आणि असा एक खिळा रंध्याच्या पात्याला दाते पाडतो. नातीला दिलेले पहिले काम तेच होते. दोऱ्याला लोहचुंबक बांधून फळीवरून हळूहळू फिरवावे, जेथे तो ओढ घेईल तेथे खडूने फुली करावी. तिने एकोणीस खिळे शोधले. मला त्याआधी डोळ्यांनी सात दिसले होते. दुसरे काम मोजण्याचे. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास गुण्या लावतात, पण मोठ्या चौकटीस तो अपुरा पडतो. म्हणून समोरासमोरच्या बाजू सारख्या करून दोन्ही कर्ण सुतळीने मोजावे. कर्ण सारखे भरले म्हणजे चारही कोपरे काटकोन. हे गणित तिच्या पुस्तकात यावयास अजून काही वर्षे आहेत, पण सुतळीने ते तिला एका संध्याकाळी कळले.

पाय व आडव्या पट्ट्या जोडताना आम्ही खिळे वापरले नाहीत. पायात चौकोनी भोक कोरतात त्यास साल म्हणतात, पट्टीच्या टोकास त्या मापाची जीभ काढतात तिला कुसू म्हणतात. कुसू सालेत ठोकून बसवावयाचे. साल कोरण्याचे काम मी केले, कारण पटाशी घसरली तर हाडापर्यंत जाते. तिला एकच नियम घालून दिला होता: दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. करवतीचे यंत्र मी शेजाऱ्याकडून आणले होते, ते चालू असताना तिने उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे. हे नियम तिने माझ्यापेक्षा कसोशीने पाळले. एकदा मीच धारेपुढे अंगठा ठेवला तेव्हा तिने मला नियम म्हणून दाखविला.

जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी, वीज गेली. मी गिरमिटाने भोक पाडीत होतो व काम अर्ध्यावर होते. पोरीने बॅटरी आणली आणि माझ्या हाताजवळ धरून उभी राहिली. प्रकाश माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिने दुसरा तळहात आड धरला होता व त्यातून बोटे लाल दिसत होती. जॉर्ज द ला तूर नावाच्या फ्रेंच चित्रकाराने सतराव्या शतकात संत योसेफाचे एक चित्र काढले, ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची छापील प्रत मी एका कॅलेंडरावर पाहिली होती. म्हातारा योसेफ वाकून एका जाड तुळईला गिरमीट लावीत आहे आणि बाळ येशू समोर बसून मेणबत्ती धरीत आहे. ज्योतीपुढे धरलेल्या त्याच्या बोटांतून उजेड पाझरतो आहे. बाळाच्या हाती हत्यार नाही. त्याची मदत म्हणजे उजेड धरणे एवढीच. ती तुळई पाहून चित्रकाराच्या मनात कोणते लाकूड होते हे ख्रिस्ती माणसास सांगावे लागत नाही. परंतु त्या संध्याकाळी माझ्या मनात क्रुसाचा विचार आला नाही. एवढेच आले की चित्रातला योसेफ हातातले काम पाहत नाही, तो त्या मुलाकडे पाहतो आहे असे मला नेहमी वाटे. मी मात्र कामाकडे पाहत होतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती माझ्या अपराधाची आहे.

मेजाच्या वरच्या अंगास चार फळ्या बसावयाच्या होत्या. त्यांपैकी एक पूर्णपणे तिने रंधावी असा आमचा करार होता. रंधा मारण्याचे मर्म असे की आरंभी भार पुढच्या हातावर द्यावा आणि फळीच्या शेवटी तो मागच्या हातावर न्यावा. नाहीतर टोकाशी रंधा खाली झुकतो व तेथे खळगा पडतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातांत ती उमज एकदम कोठून येणार? तिने तीन दिवस खपून फळी केली. मधला भाग तर असा उतरला की मला नवल वाटले, पण एका टोकाशी तळहाताएवढी खळी पडली. खळी फार खोल नव्हती, पण सरळ पट्टी ठेवली की खालून उजेड दिसे.

रात्री घरची माणसे निजल्यावर मी उठलो. मला वाटले, नाताळास मंडळी येणार, पाहुणे येणार, मेज नीट असावे. मी ती फळी पुन्हा रंधली, खळी काढली, काचकागद मारला, सोलपटे झाडून पिशवीत भरली आणि निजलो. मला समाधान वाटले हे मी कबूल करतो.

सकाळी तिने फळीवरून हात फिरविला. मग पुन्हा फिरविला. "आजोबा, माझी खळी कुठे गेली?"

ती खळी तिला ठाऊक होती, बंधुभगिनींनो. मला वाटले होते की तिला ती दिसली नसेल. आणि मग मी जे केले ते रात्रीच्या कामाहून वाईट होते. मी म्हटले, "पावसाची हवा आहे, लाकूड रात्रीतून फुगले असेल."

परंतु लाकडाचे फुगणे मीच तिला शिकविले होते. लाकूड हवेतली ओल पिते तेव्हा ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. तीस इंचांच्या मेजास वर्षभरात पाव इंचापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून वरच्या फळ्या चौकटीला ठार जखडावयाच्या नसतात. स्क्रूचे भोक लांबट ठेवावयाचे, म्हणजे फळीला सरकावयास वाव राहतो. एरव्ही ती स्वतःला तडा पाडून घेते. हे सारे तिने वहीत चित्रासह लिहून ठेवले होते. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "फुगली तर फळी रुंद होईल. खळी भरून कशी येईल?" मी उत्तर दिले नाही. तिने रंधा पेटीत ठेवला, पेटीचे झाकण लावले आणि ती आत गेली.

चार दिवस तिने कामाला हात लावला नाही. रागावली म्हणावे तर तसेही नव्हे. विचारले तर बोले, दिले ते खाई, रात्री जपमाळेच्या वेळी आपले दशक नीट म्हणे. फक्त अंगणात येत नसे. घरधनीण मला म्हणाली, "तुमच्या बापाने तुम्हांला हात लावू दिला नाही. तुम्ही लावू दिला आणि मग पुसून टाकला. कोणते बरे?" ह्या बाईने आयुष्यात करवत धरलेली नाही.

त्या चार दिवसांत मी शुभवर्तमान उघडून बसलो, योसेफाविषयी काय लिहिले आहे ते पाहावे म्हणून. फारच थोडे आहे. त्याचा एकही शब्द नोंदलेला नाही. मत्तय सांगतो की नासरेथचे लोक येशूस सुताराचा पुत्र म्हणाले. मार्क सांगतो की ते त्यालाच सुतार म्हणाले. म्हणजे तो धंदा तो शिकला होता, आणि शिकविणारा घरचाच असणार. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुताराहून थोडा विस्तृत आहे, घरे बांधणाराही त्यात येतो, असे पंडित म्हणतात. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन, जो पुढे रक्तसाक्षी झाला, त्याने लिहिले आहे की प्रभू नांगर व जू करीत असे. बस, एवढेच. त्याच्या हातचे एखादे जू वाकडे उतरले होते काय, आणि उतरले तर योसेफाने काय केले, ह्याविषयी शास्त्र मुके आहे व मीही कल्पनेचे घोडे दौडविणार नाही. तो बारा वर्षांचा असताना मंदिरात राहिला, आईबापांनी तीन दिवस शोधला, मग तो नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. त्यानंतर अठराएक वर्षे एक ओळ नाही. देवाच्या पुत्राची इतकी वर्षे लाकडाच्या भुशात गेली, ही गोष्ट आपण सणाच्या प्रवचनात ऐकतो आणि घरी विसरतो. पोप नववा पायस ह्यांनी १८७० साली संत योसेफास सर्व ख्रिस्तसभेचा आश्रयदाता ठरविले. बारावे पायस ह्यांनी १९५५ साली मे महिन्याचा पहिला दिवस कामकरी योसेफाचा सण म्हणून नेमला. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२० च्या डिसेंबरात त्याच्या नावे एक सबंध वर्ष जाहीर केले. इतका मान ज्याला मिळाला, त्याने पोराला शिकविले कसे हे सांगण्याची गरज कोणाला भासली नाही. मला त्या आठवड्यात ती माहिती फार हवी होती.

पाचव्या दिवशी, रविवारी, मिस्सेहून परत येताना मी वाटेतच तिला सांगितले की खळी मी काढली, रात्री काढली, आणि लाकूड फुगले असे म्हटले ते खोटे होते. मी तिची क्षमा मागितली. आपल्या घरांत वडील माणसाने मुलाची क्षमा मागण्याची चाल नाही हे मी जाणतो. मलाही ती सवय नव्हती, शब्द नीट आले नाहीत. ती काही वेळ गप्प चालली. मग तिने विचारले, "वाईट दिसत होती म्हणून काढली का?" मी म्हटले, "होय." "मग मला सांगायचे. मीच काढली असती." आणि थोड्या वेळाने, "की नसती काढली."

चौथी फळी अजून रंधावयाची राहिली होती. ती तिने मागून घेतली. ह्या खेपेस मी तिच्या मागे उभे राहून भार केव्हा कोणत्या हातावर न्यावा हे तोंडाने सांगत होतो आणि हात पाठीशी बांधून ठेवले होते. हे किती कठीण आहे हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल. मदत करण्यापेक्षा मदत न करण्याने माझे खांदे अधिक दुखले. फळी पूर्वीपेक्षा चांगली उतरली, तरीही टोकाशी पुसट खळी आलीच. तिने पट्टी ठेवून पाहिली, खालचा उजेड पाहिला आणि म्हणाली, "ही राहू दे." ती राहिली.

मग फारसे सांगण्यासारखे नाही. सरस लावून फळ्या शिकंजात आवळल्या. पावसाळी हवेत तो वाळावयास दुप्पट वेळ लागला. तिने काचकागद मारला, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आडवा मारला तर चरे उठतात म्हणून. जवसाचे तेल तीन वेळा दिले. पहिल्या हातास सागवानाचा रंग उमलला तेव्हा ती आजीला हात धरून पाहावयास घेऊन आली. मेज उभे केले तेव्हा ते डुगडुगले. चार पायांचे मेज एका पायाच्या सुताभर फरकानेही डुगडुगते, तिवई कधीच डुगडुगत नाही. मला पाय कापण्याचा मोह झाला, पण एक पाय कापला की दुसरा लांब ठरतो आणि असे करीत करीत मेजाचा पाट होतो. तिने सुचविले की फरशीच वाकडी असेल. मेज फिरवून पाहिले, खरेच फरशी वाकडी होती. एका पायाखाली लाकडाची लहान पाचर घातली. पंचतंत्रातल्या पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट तिला ठाऊक आहे, त्यामुळे त्या पाचरेला कोणी हात लावलेला तिला खपत नाही.

नाताळास तिचे आईबाप आले. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आम्ही त्या मेजावर जेवलो. शेजारचे एक वृद्ध दांपत्यही होते, त्यामुळे एक स्टूल उसने आणावे लागले. पोरीने आपली जागा त्या खळीपाशी धरली होती. कढीची वाटी तेथे ठेवली की थोडी कलते. तिच्या आईने दोनदा ती सरळ केली, तिसऱ्यांदा हाताने फळी चाचपून पाहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, येथे थोडे राहून गेले आहे का?" मी उत्तर देण्याच्या आधी पोर म्हणाली, "नाही, ठेवले आहे." आणि सगळी हकीकत, मी रात्री उठलो त्यासह, पाहुण्यांदेखत सांगितली. आज मी ती आपणांपुढे सांगितली, तेव्हा यात नवीन असे कोणाला काही उरले नाही.

एक विनंती करून मी आपली जागा घेतो. विगारसाहेबांच्या परवानगीने, पुढच्या रविवारपासून मुलांच्या मिस्सेनंतर मी वडिलांची पेटी घेऊन सभागृहाच्या मागील पडवीत बसणार आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी दोन बाके करावयाची आहेत. लहान मुलांचे पाय सध्याच्या बाकांवरून लोंबकळतात. नऊ वर्षांवरील मुलांमुलींना पाठवावे. लाकूड मिळाले आहे. कोणाच्या घरी वापरात नसलेला लहान रंधा असल्यास तो हवा आहे, कारण माझ्यापाशी एकच आहे आणि तो सध्या माझ्या नातीच्या ताब्यात आहे.